लाल बावट्याचा शाहीर : अण्णाभाऊ साठे आणि त्यांचं कलापथक

आपल्या चळवळीचा इतिहास सांगताना आपण परिषदा, सत्याग्रह, मोर्चे यांच्या तारखा सांगतो. त्या सांगायलाच पाहिजेत. पण ज्या माणसाला अक्षर ओळखता येत नव्हतं, ज्याच्या हातात कधी वर्तमानपत्र पडलं नाही, त्या माणसापर्यंत हा सगळा विचार कुणी नेला? तो नेला शाहिरांनी, जलसेकऱ्यांनी, कलापथकांनी. महात्मा फुल्यांच्या मागे सत्यशोधकी जलसे उभे राहिले. १९३० नंतर भीमराव कर्डकांसारख्यांनी बाबासाहेबांचा विचार जलशातून गावोगाव नेला. आणि १९४४ साली मुंबईच्या कामगार वस्तीत लाल बावटा कलापथक उभं राहिलं. या कलापथकाचा प्राण म्हणजे लोकशाहीर अण्णाभाऊ साठे. आपल्या विहाराच्या या स्मरणिकेत त्यांचं चरित्र थोडक्यात मांडावं असं मला वाटलं.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातल्या वाटेगाव या गावी मांगवाड्यात झाला. तेव्हा तो भाग सातारा जिल्ह्यात होता, आज सांगली जिल्ह्यात आहे. त्यांचं पाळण्यातलं नाव तुकाराम. वडील भाऊराव, आई वालुबाई. इंग्रज सरकारने १८७१ साली एक कायदा केला होता. त्या कायद्याने कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. पुढे त्या भागातल्या मांग, रामोशी समाजावरही हा शिक्का बसला. चोरी कुठेही होवो, हजेरी मांगवाड्याची. पोरगं जन्माला आलं की ते आधी संशयित आणि मग माणूस! स्वातंत्र्य मिळाल्यावर १९५२ साली हा कायदा देशभरातून गेला. कागदावरून गेला, लोकांच्या मनातून किती गेला हे तुम्हीच ठरवा.

अण्णाभाऊ शाळेत गेले ते दीड दिवस, असं सांगतात. पंतोजींचा मार आणि वर अस्पृश्य म्हणून वेगळं बसवणं. पोरगं रागीट आणि मानी, ते परत शाळेकडे फिरकलं नाही. पण गावात राहून ते बरंच काही शिकलं. दांडपट्टा शिकलं, रानावनात हिंडलं, पोवाडे आणि लावण्या पाठ केल्या. शाळा दीड दिवसाची आणि कान मात्र बारा महिने उघडे. माणूस शिकतो कशाने, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

भाऊराव मुंबईला साहेबलोकांच्या बंगल्यात माळीकाम करत. पोरांना शहाणं करायचं तर मुंबईला न्यायला पाहिजे असं त्यांच्या मनाने घेतलं. गाडीभाड्याला पैसे नव्हते. साधारण १९३१-३२ च्या सुमारास हे कुटुंब वाटेगावाहून मुंबईला चालत निघालं. वाटेत मिळेल ते काम करायचं, मिळेल ते खायचं आणि पुढे चालायचं. अण्णाभाऊ तेव्हा अकरा-बारा वर्षांचे. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे असेच मुंबईला आले. कुणी बोटीने, कुणी रेल्वेने, कुणी पायी. पण सगळे आले ते एकाच कारणाने. गावात राबायला जागा होती, जगायला नव्हती.

हे कुटुंब भायखळ्याच्या चाळीत उतरलं. अण्णाभाऊंनी हमाली केली, फेरीवाल्याच्या मागे गाठोडं वाहिलं, पडेल ते काम केलं आणि शेवटी गिरणीत लागले. त्रासन खात्यात झाडूवाला म्हणून. ज्यांनी गिरणी आतून पाहिली नाही त्यांना सांगतो, त्रासन म्हणजे सूत कातायचं खातं. हवेत कापसाचा भुरका, वर दमटपणा, आणि साच्यांचा आवाज एवढा की शेजारच्याला हाक मारायची तर हातवारे करावे लागतात. झाडूवाला म्हणजे त्या खात्यातला सगळ्यात खालचा माणूस. साच्याखाली वाकून कापूस झाडायचा. मी स्वतः गिरणीत काम केलं आहे, म्हणून जाणतो. त्या पोराच्या डोक्यात गाणं टिकलं कसं याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

अक्षरं ते मुंबईच्या रस्त्यावर शिकले. दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं, भिंतीवरच्या जाहिराती हीच त्यांची अंकलिपी. एकेक अक्षर जोडत जोडत वाचायला लागले. हाच मुलगा पुढे तीसच्या वर कादंबऱ्या लिहितो! आज आपल्या वस्तीत पुस्तकं आहेत, शिकवणीचे वर्ग आहेत, मोबाईल आहेत. असो.

त्या काळची मुंबई म्हणजे सभांची मुंबई. १९३४ साली गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. भायखळा, लालबाग, परळ भागात रोज कुठे ना कुठे लाल बावट्याची सभा. अण्णाभाऊ त्या सभांना जायला लागले, भित्तिपत्रकं चिकटवायला लागले. मध्यंतरी त्यांच्या नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडातही ते राहिले. ढोलकी, तुणतुणं, सोंगाड्याची बतावणी, वगाची रचना, समोरच्या माणसाला हसवत हसवत धरून कसं ठेवायचं, हे सगळं तिथे त्यांच्या अंगात मुरलं. पुढच्या सगळ्या कामाची शिदोरी त्या फडातली आहे हे विसरून चालणार नाही.

मग ते माटुंग्याच्या लेबर कॅम्पात आले. हा कॅम्प म्हणजे दलित कामगारांची वस्ती. इथे त्यांची गाठ पडली कॉम्रेड आर. बी. मोरे यांच्याशी. मोरे कोण हे आपल्या घरातल्या मुलांना माहीत पाहिजे. १९ आणि २० मार्च १९२७ ची महाडची परिषद घडवून आणण्यात ज्यांनी पुढाकार घेतला, ते हे रामचंद्र बाबाजी मोरे. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले, पण बाबासाहेबांवरची त्यांची श्रद्धा कधी कमी झाली नाही. म्हणजे चवदार तळ्याचं पाणी आणि लाल बावटा या दोन्ही गोष्टी अण्णाभाऊंना एकाच वस्तीत मिळाल्या. लेबर कॅम्पात डासांचा उच्छाद होता. त्या डासांवरच अण्णाभाऊंनी गाणं केलं, आणि त्यांच्या सुरुवातीच्या रचनांत त्याची गणना होते. राजा नाही, देव नाही, प्रेमाची बाई नाही, विषय काय तर मच्छर! पण ज्याला रात्रभर झोप नाही आणि सकाळच्या पाळीला भोंग्याबरोबर उभं राहायचं आहे, त्याला त्याहून मोठा विषय कुठला?

१९४२-४३ साली दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. रशियात स्टालिनग्राडच्या लढाईत हिटलरच्या फौजेचा पराभव झाला. लेबर कॅम्पातल्या या तरुणाने १९४३ साली त्याच्यावर पोवाडा रचला. ज्याने स्टालिनग्राड पाहिलं नाही, नकाशात ते कुठे आहे हेही ज्याच्या श्रोत्यांना ठाऊक नाही, त्या लढाईचा पोवाडा मुंबईचा कामगार मैदानात बसून ऐकत होता. शिवकाळापासून पोवाडा हा लढाईचाच, पण तो आपल्या मुलखातल्या लढाईचा. अण्णाभाऊंनी त्याला जगाच्या लढाईपर्यंत नेलं.

आता कलापथकाकडे येतो, कारण माझ्या मते अण्णाभाऊंचं खरं मोठेपण तिथे आहे. १९४३ साली मुंबईत इप्टा, म्हणजे भारतीय जननाट्य संघ, स्थापन झाला. त्याच साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला, लाखो माणसं अन्नावाचून मेली. इप्टाचे कलावंत गाणी, नाटकं करून बंगालसाठी मदत गोळा करत होते. अण्णाभाऊंनीही बंगालच्या हाकेवर रचना केली. या वातावरणात १९४४ साली लाल बावटा कलापथक निघालं. त्याचे तीन खांब. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांनीही गिरणीत काम केलेलं, संपात तुरुंग पाहिलेला. डफ हातात घेऊन त्यांनी आवाज लावला की हजारोंच्या सभेत शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा. अण्णाभाऊंची लेखणी, अमर शेखांचा गळा आणि गवाणकरांची साथ. एक मांगवाड्यातला, एक मुसलमान, आणि तिघांचा मिळून एक फड. ज्या देशात पंगतीत शेजारी बसायला लोक जात विचारत होते, तिथे हे लोक एका रंगमंचावर एकाच धृपदाला साथ करत होते.

कलापथकाचं काम कसं चाले? तिकीट नाही, पडदा नाही, नेपथ्य नाही. चाळीचं मोकळं अंगण, गिरणीच्या फाटकासमोरची जागा किंवा परळचं कामगार मैदान. चार-दोन फळ्या टाकल्या की झाला रंगमंच. डफ, ढोलकी, तुणतुणं, झांज एवढंच सामान. संप असला की संपाची गाणी, निवडणूक असली की निवडणुकीचा वग, शेतकरी परिषद असली की सावकाराची गोष्ट. आज घडलेली गोष्ट उद्या रात्री गाण्यात. १९४६ साली अमळनेरच्या गिरणी कामगारांवर गोळीबार झाला, माणसं मेली, तर त्या हुतात्म्यांचा पोवाडा झाला. फाळणीच्या वेळी पंजाब-दिल्लीत कत्तली झाल्या, तर त्याच्यावर पोवाडा. हिंदू-मुसलमानांनी एकमेकांचे गळे कापू नयेत म्हणून एक मांग आणि एक मुसलमान एकाच स्टेजवरून सांगत होते. ते लोकांनी ऐकून घेतलं, कारण सांगणारे त्यांच्यातलेच होते.

पण सगळ्यात मोठं काम झालं ते तमाशाच्या बाबतीत. तमाशा ही कला टिकवली कुणी? महार-मांगांनी. पोट भरायला नाचले, गायले, ढोलकी बडवली. आणि त्याच कलेत आपल्याच लेकीबाळींना पाटील-सावकारांपुढे नाचावं लागलं. म्हणून तर पठ्ठे बापूरावांच्या तमाशाचा पैसा बाबासाहेबांनी चळवळीसाठी स्वीकारला नाही, हा प्रसंग आपण ऐकत आलो आहोत. मग करायचं काय? कला टाकून द्यायची? जलसेकऱ्यांनी त्याचं उत्तर आधीच शोधलं होतं. ढोलकी ठेवायची, मजकूर बदलायचा. अण्णाभाऊंनी तेच काम आणखी पुढे नेलं.

पूर्वीच्या तमाशाचा क्रम असा. आधी गण, त्यात गणपतीची स्तुती. मग गवळण, त्यात कृष्ण, पेंद्या, मावशी आणि राधेची अडवणूक. मग बतावणी, आणि शेवटी वग. वगात राजा, प्रधान, राणी. अण्णाभाऊंनी गणातला गणपती काढला आणि तिथे मायभूमीला, शिवरायांना, हुतात्म्यांना वंदन आणलं. गवळणीतली छेडछाड काढून टाकली. बाई नाचवून शिट्ट्या घेणं बंद केलं. वगातला राजा गेला आणि तिथे सावकार, शेटजी, काळाबाजारवाला, मंत्री येऊन उभे राहिले. सोंगाड्या मात्र ठेवला. कारण सोंगाड्या हा गरिबाचा वकील. जे तोंडावर बोलता येत नाही ते तो हसत हसत बोलतो. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजीचे इलेक्शन', 'लोकमंत्र्याचा दौरा' हे त्यांचे वग नावावरूनच कळतात. यातलं 'शेटजीचे इलेक्शन' आजच्या निवडणुकीच्या काळात वाचून बघावं. बाकी काही सांगत नाही.

हे सरकारला कसं सहन होणार? इंग्रज गेले, आपलं सरकार आलं. मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं आणि मोरारजी देसाई गृहमंत्री. स्वातंत्र्यानंतर लगेचच तमाशावर बंदी आली. कारण दिलं अश्लीलतेचं. काही फडांत अश्लीलता होती हे खरंच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण बंदीची झळ लाल बावट्यालाही बसली, आणि त्यांच्या वगात अश्लील काय होतं तर सरकारवरची टीका! अण्णाभाऊंनी त्यावर तोड काढली. तमाशा नको म्हणता ना, मग हा तमाशा नाहीच, हे लोकनाट्य आहे. नाव बदललं आणि खेळ चालू ठेवला. आज मराठीत लोकनाट्य हा शब्द सगळे वापरतात, नाट्यगृहात शहरी प्रेक्षक तिकीट काढून लोकनाट्य बघतात. तो शब्द रुळवला पोलिसांची नजर चुकवत खेळ करणाऱ्या या माणसाने. पुढे कम्युनिस्ट पक्षावर सरकारचा रोष झाला, कार्यकर्ते तुरुंगात गेले, भूमिगत झाले आणि कलापथकाचं कामही विस्कळीत झालं. तरी १९४९ साली अलाहाबादच्या अधिवेशनात इप्टाचं अखिल भारतीय अध्यक्षपद अण्णाभाऊंकडे आलं. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस देशभरच्या कलावंतांचा अध्यक्ष!

मग आली संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असा दिल्लीचा डाव होता. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत मोर्चावर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा रस्त्यावर रक्त सांडलं. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. आपला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन पक्षही त्या समितीत होता, हे आज अनेकांना ठाऊक नसतं. विस्कटलेला शाहिरांचा मेळ या चळवळीने पुन्हा उभा केला. अण्णाभाऊ, अमर शेख, गवाणकर, आत्माराम पाटील असे शाहीर गावोगाव फिरले. अण्णाभाऊंनी मुंबई कुणाची या प्रश्नावर 'माझी मुंबई' हे लोकनाट्य केलं. आणि ती मैनेची छक्कड केली.

ती छक्कड आजही म्हटली जाते, पण तिचा अर्थ पुष्कळ जण अर्धाच घेतात. वरवर ती एका गड्याच्या विरहाची कहाणी आहे. बायको गावाकडे, नवरा पोटासाठी मुंबईत. कोकणातला असो, घाटावरचा असो, गिरणीतल्या प्रत्येक माणसाची हीच गत होती. दहा बाय दहाच्या खोलीत वीस-वीस माणसं पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत, आणि वर्षातून एकदा रजा घेऊन गावी जात. म्हणून ती छक्कड कामगार मैदानात म्हटली जायची तेव्हा हजारो पुरुष गप्प बसून ऐकायचे. पण पुढे पुढे जाता मैना ही नुसती बायको राहत नाही. ती महाराष्ट्रापासून तुटलेला मुलूख होते. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव हे मागे राहिले, आणि ती ताटातूट संपली नाही असं शाहीर सांगतो. घरातलं दुःख आणि राज्याचा प्रश्न एका गाण्यात बांधणं हे भाषणाला जमलं नसतं. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. १०६ हुतात्म्यांचं रक्त त्यात आहे. बेळगाव-कारवार मात्र अजून बाहेरच आहे, म्हणजे मैना अजून गावाकडेच आहे.

आता एका नाजूक विषयावर बोलतो. अण्णाभाऊ कम्युनिस्ट होते, ते काही बौद्ध झाले नाहीत, मग विहाराच्या स्मरणिकेत त्यांचं चरित्र कशाला, असा प्रश्न आपल्यातले काही बांधव विचारतात. प्रश्न रास्त आहे, त्याला उत्तर द्यायला पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. अण्णाभाऊंनी दीक्षा घेतली नाही, हे खरं आहे. कम्युनिस्ट पक्षाचे आणि बाबासाहेबांचे मतभेद होते, तेही खरं आहे. पण ६ डिसेंबर १९५६ नंतर अण्णाभाऊंनी बाबासाहेबांवर जे गीत लिहिलं, ते आपल्या प्रत्येक जयंतीला, प्रत्येक मिरवणुकीत गाजतं. घाव घालून जग बदलायचा निरोप भीमरावांनी मला दिला असं सांगणारं ते गीत कुणाचं हे माहीत नसतानासुद्धा आपली पोरं ते गातात. गाणं चालतं आणि गाणं लिहिणारा चालत नाही, हा कुठला न्याय?

आणखी दोन गोष्टी. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत दादरला पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. त्याचं उद्घाटन अण्णाभाऊंनी केलं. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर आहे ही पुराणातली कल्पना त्यांनी तिथे उलटी केली आणि जग उभं आहे ते दलितांच्या, कष्टकऱ्यांच्या तळहातावर, असा विचार मांडला. विषमतेच्या पुराणावरचा तो घाव आपल्या बावीस प्रतिज्ञांना परका आहे काय? दुसरी गोष्ट 'फकिरा' या कादंबरीची. १९५९ साली ती प्रसिद्ध झाली. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी इंग्रजी सत्तेशी झुंजणाऱ्या फकिरा मांगाची ती कथा. १९६१ साली तिला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला. ती कादंबरी त्यांनी अर्पण केली बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला. मांग समाजाच्या शूर पुरुषाची कथा आणि अर्पण बाबासाहेबांना. महार आणि मांग यांच्यात ज्या भिंती मनुवाद्यांनी बांधल्या आणि ज्या आपण आजही आपल्या हाताने लिंपत बसतो, त्यांना त्या एका पानाने केव्हाच भोक पाडलं होतं. त्यांच्या 'सापळा' या कथेत तर मेलेली गुरं ओढायचं नाकारणारे महार आणि त्यांच्यावर उलटलेला गाव आहे. ही आपल्याच घराची गोष्ट, ती मांगवाड्यातल्या लेखकाने लिहिली. आज १ ऑगस्टला एका वस्तीत जयंती आणि १४ एप्रिलला दुसऱ्या वस्तीत, आणि मधल्या गल्लीतून कुणी पलीकडे जात नाही, असं चित्र दिसतं तेव्हा वाईट वाटतं.

त्यांच्या कादंबऱ्यांची यादी मी इथे देत नाही, ग्रंथालयात पुस्तकं मिळतात. 'वैजयंता', 'वारणेचा वाघ', 'फकिरा' अशा किती तरी कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले. पण एक कथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'स्मशानातलं सोनं'. मुंबईजवळच्या खाणीत दगड फोडणारा भीमा. खाण बंद पडते. घरी बायको, लहान लेक. काम नाही. हा माणूस मग स्मशानात रात्री प्रेतांची राख चाळतो, मढी उकरतो, त्यांच्या अंगावरचा सोन्याचा कण शोधतो. कोल्ह्यांशी झुंजतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात बोटं अडकून ती कायमची जातात. आणि लगेच बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. दगड फोडायला आता बोटं नाहीत. लाचार होऊन नव्हे, धट्टाकट्टा पैलवान गडी हे करतो, कारण त्याला काम नाही. गिरण्या बंद झाल्यावर आमच्या लाइनीतली कित्येक चांगली माणसं कुठल्या कुठल्या कामाला लागली ते मी पाहिलं आहे. त्यांना ही कथा वाचून दाखवली तेव्हा कुणी एक शब्द बोललं नाही.

१९६१ साली अण्णाभाऊ रशियाला जाऊन आले. पायी मुंबईला आलेलं पोर विमानाने मॉस्कोला गेलं. स्टालिनग्राडचा पोवाडा रचून अठरा वर्षं झाल्यावर त्यांनी तो देश डोळ्यांनी पाहिला. 'माझा रशियाचा प्रवास' हे त्यांचं प्रवासवर्णन प्रसिद्ध आहे. त्यांच्या साहित्याची रशियनसह अनेक भाषांत भाषांतरं झाली. मान मिळाला, नाव झालं. आणि राहायला घर? घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत. आयुष्याची वीसेक वर्षं त्यांनी तिथे काढली. 'फकिरा'चा लेखक, इप्टाचा अध्यक्ष, रशिया पाहून आलेला माणूस गळक्या झोपडीत बसून लिहीत होता. पुस्तकं खपत होती, सिनेमे चालत होते, पण व्यवहार त्यांना कधी जमला नाही. पैसा दुसऱ्यांनी कमावला. घरात ताटातूट झाली, व्यसनानेही गाठलं. हे लपवण्यात अर्थ नाही, आणि त्याच्यावरून माणूस मोजण्यातही अर्थ नाही. शेवटी शेवटी गोरेगावला सिद्धार्थनगरात सरकारी घर मिळालं. तिथेच १८ जुलै १९६९ रोजी त्यांचं निधन झालं. वय एकोणपन्नास पुरं व्हायला दोन आठवडे कमी होते.

आणि सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्ट १९६९ ला, अमर शेख मोटार अपघातात गेले. एकाच पावसाळ्यात लेखणी आणि गळा दोन्ही थांबले.

पुढे मान-सन्मान पुष्कळ झाले. १९८५ साली त्यांच्या नावाचं विकास महामंडळ निघालं. १ ऑगस्ट २००२ ला टपाल खात्याने चार रुपयांचं तिकीट काढलं. २०२० मध्ये जन्मशताब्दी झाली. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. मात्र ते ज्या पद्धतीने काम करत, म्हणजे चार माणसं, एक डफ, आणि काल घडलेल्या गोष्टीवर आज रचलेलं गाणं, तसं पथक आज फार थोड्या वस्त्यांत राहिलं आहे. लाऊडस्पीकर मोठे झाले, ऑर्केस्ट्रा आले, गाण्यात बाबासाहेबांचं नाव शंभर वेळा येतं. पण रेशनचा, नोकरीचा, शाळा बंद पडल्याचा विषय त्यात येत नाही.

आपल्या विहारात बालसंस्कार वर्गाची मुलं दर रविवारी गाणी बसवतात. ढोलकी वाजवणारी दोन पोरं तयार आहेत, पलीकडच्या मातंग वस्तीतला एक मुलगा डफ चांगला वाजवतो, त्याला मी विचारलं आहे. 'अकलेची गोष्ट'ची प्रत माझ्याकडे आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी वंदना झाल्यावर थांबावं.

जयभीम!